गाडी ‘स्वतःच’ चालते म्हणे!

मंडळी, हल्लीच्या गाड्यांतल्या ‘एडास’ नावाच्या प्रकरणावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आमच्या धाकट्या पुतण्याने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला, सातारा रस्त्यावर, स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवतोय! खाली बावीस अंगठे. मी अंगठा दिला नाही. का दिला नाही ते इथे लिहितो. (तो हा ब्लॉग वाचतो. वाचू दे.)

आधी जे चांगलं आहे ते कबूल करतो. पुढची गाडी अचानक थांबली तर आपोआप ब्रेक लावणारी सोय उत्तमच. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने गाड्यांची आकडेवारी तपासली, तर या सोयीमुळे मागून धडकण्याचे अपघात निम्म्याने कमी झालेले दिसले. ही सोय प्रत्येक गाडीत यावी.

माझं भांडण आहे ते ‘गाडी स्वतः चालते’ या थापेशी. काचेमागे कॅमेरा, पुढे रडार. कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे बघतो, रडार पुढच्या वाहनाचं अंतर मोजतं आणि संगणक वेग नि स्टिअरिंग सांभाळतो. याला म्हणतात लेव्हल टू. शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत, त्यातली ही दुसरी. आणि या पायरीवर नजर आणि जबाबदारी पूर्णपणे चालकाची, हे व्याख्येतच लिहिलंय! दुसरीतल्या पोरावर घर सोपवून आपण गावाला जातो का?

आता फ्लोरिडातली गोष्ट. ७ मे २०१६ ला तिथे एक टेस्ला, ‘ऑटोपायलट’ चालू असताना, रस्ता ओलांडणाऱ्या ट्रकच्या ट्रेलरखाली घुसली. चालक गेला. सरकारी चौकशीत निघालं की ऑटोपायलट ३७ मिनिटं चालू होता, आणि त्यात चालकाचे हात स्टिअरिंगवर असल्याची नोंद फक्त २५ सेकंदांची! चूक ट्रकवाल्याची होतीच, चालकाचीही होती. पण इतका वेळ लक्ष काढून घेऊ देणाऱ्या रचनेवरही चौकशी समितीने ठपका ठेवला. पुढे १ मार्च २०१९ ला त्याच फ्लोरिडात, त्याच कंपनीच्या गाडीचा, अगदी तसाच अपघात. आडवा ट्रेलर, चालक ठार. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २० लाख गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं, कारण काय, तर चालकाचं लक्ष आहे की नाही हे नीट तपासलं जात नव्हतं. सात वर्षं लागली हो!

"पण काका, मी लक्ष ठेवतो ना!" नाही ठेवत बाबा. ठेवताच येत नाही. मी चौतीस वर्षं परीक्षेला सुपरव्हिजन केलंय. वर्गावर तीन तास शिकवणं सोपं, पण काही न करता तीन तास नुसतं बघत राहणं महाकठीण. वीस मिनिटांत मन खिडकीबाहेर जातं, आणि कॉपी नेमकी तेव्हाच होते. ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. खिडकीबाहेर गेलेलं मन परत यायला पाच सेकंद लागले, तर १४० मीटर पार!

त्यात आमचे रस्ते. डांबर नवं पडलं की पट्टे महिनोन्‌महिने नाहीत. हंगामात कराडकडे रात्री उसाची ट्रॉली उभी, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. उभ्या वस्तूंच्या बाबतीत हे रडार कच्चं असतं. रस्त्याकडेच्या पाट्या-पुलांना घाबरून गाडीने सारखे ब्रेक मारू नयेत म्हणून त्याने स्थिर गोष्टींकडे बरंचसं दुर्लक्ष करायचं असतं. अंधारात चालणाऱ्या माणसाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये चाचण्या घेतल्या, त्यात रात्री या यंत्रणा निष्प्रभ ठरल्या. आणि डोंगरावरून उतरलेली गाय कोणत्या चाचणीत होती?

"माणसंच जास्त मारतात" हा दुसरा युक्तिवाद. खरंय. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. पण त्यात दुचाकीवरचे आणि पायी चालणारे मिळून साठ टक्क्यांहून जास्त. त्यांच्यापाशी कुठला आलाय एडास? ते तर टाळ्या वाजवणाऱ्याच्या समोर असतात!

विक्रेत्यांचा मला खरा राग आहे. जाहिरातीत हात सोडलेला हसरा बाप, आणि पुस्तिकेत बारीक टायपात ‘सर्व जबाबदारी चालकाची’. एका शोरूममध्ये मी विचारलं, ही यंत्रणा कुठे कुठे चालत नाही ते दाखवा. तो मुलगा म्हणाला, "आजोबा, सगळीकडे चालते." पुस्तिका त्याने उघडलेलीसुद्धा नसावी.

तर मंडळी, ज्यांच्या गाडीत हे आहे त्यांनी पुस्तिकेतल्या ‘मर्यादा’ या पानांचे फोटो मला पाठवावेत. इंग्रजीत असली तरी चालतील. मी सवडीने मराठीत करून इथे टाकतो. पहिली पानं पुतण्याकडून येतील, अशी अपेक्षा आहे.