४५ गुण देऊन जिंकले, ३१ देऊन हरले. मग पुणेरी पलटणचा डिफेन्स नक्की कुठे फसला?

३१ ऑक्टोबर २०२५ ची रात्र. दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची फायनल सुरू होती. पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. शेवटचे काही सेकंद उरलेले असताना पलटणचा आदित्य शिंदे चढाईला गेला आणि दिल्लीकडून खेळणाऱ्या इराणच्या फजल अत्राचलीने त्याला धरलं. स्कोअर ३१-२८, कप दिल्लीचा.

शिरूर असो की दौंड, कॉलेजात कबड्डी खेळणाऱ्या आणि बघणाऱ्या पोरांचा अशा रात्रीचा निकाल ठरलेला असतो. डिफेन्सने घालवली. कॉर्नरला पोरगं कच्चं होतं, कव्हर झोपला होता, शादलू असता तर असं झालं नसतं. मोबाईलवर मॅच संपायच्या आत स्टेटस पडलेलं असतं.

गंमत अशी, की दोनच दिवसांपूर्वी हीच पोरं नाचत होती. क्वालिफायर २ मध्ये पलटणने तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं हरवलं होतं. सुरुवातीलाच बरीच मागे पडलेली टीम मॅच ओढून घेऊन आली. पण त्या मॅचमध्ये समोरच्याला ४५ गुण मिळाले होते. टायटन्सच्या भरत हुडाने एकट्याने वीसपेक्षा जास्त गुण नेले. पलटणचा डिफेन्स खऱ्या अर्थाने उघडा पडला तो त्या दिवशी. फायनलमध्ये तोच डिफेन्स कितीतरी घट्ट होता. पण शिव्या मिळाल्या घट्ट खेळलेल्या दिवशी, कारण त्या दिवशी मॅच हरली.

मग डिफेन्स ढिला होता की नव्हता, हे ठरवायचं कसं?

आधी हे समजून घ्यायला हवं, की समोरच्या टीमला मिळालेला प्रत्येक गुण डिफेन्समुळे जात नाही. आपला चढाईपटू तिकडे पकडला गेला, तर तो गुणही त्यांच्याच खात्यात जमा होतो. सहा किंवा सात जण मैदानात असताना समोरच्याने बोनस रेषा ओलांडली, तर कोणालाही हात न लावता त्याला एक गुण मिळतो. सगळे बाद होऊन लोण पडला की वर दोन गुण जातात. स्कोअरबोर्डवर मात्र हे सगळं एकाच आकड्यात दिसतं, आणि बघणारा तो अख्खा आकडा कॉर्नरच्या नावावर टाकून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट मैदानात खेळणाऱ्याला माहीत असते, पण मॅच बघताना तोही विसरतो. डिफेन्सला उभ्या सात जणांत खरे बचावपटू बहुतेक वेळा चारच असतात. दोन कॉर्नर आणि दोन कव्हर. उरलेले तिघे चढाईपटूच असतात, मध्ये साखळी धरून उभे. त्यामुळे मुख्य चढाईपटू बाद होऊन बाकावर गेला, की टीमचे गुण थांबतात आणि साखळीतली एक कडीही तुटते. सहाच्या साखळीला सांभाळायचं मैदान तेवढंच, १३ बाय १० मीटरच्या कोर्टाचं अर्धं. पाचवर आली की कॉर्नर आणि कव्हरमधली फट वाढते. तीन किंवा त्याहून कमी उरले, तर अव्वल पकड करून दोन गुण मिळवायचा मोह होतो, आणि तो फसला तर लोण समोर दिसायला लागतो. पलटणसारख्या टीमचा डिफेन्स ज्या पाच मिनिटांत कोसळतो, त्याच्या आधीची दोन मिनिटं परत बघावीत. बऱ्याचदा त्यात आपलाच चढाईपटू बाद झालेला सापडतो.

तिसरी गोष्ट घाईची. कॉर्नरने घोटा धरला म्हणजे पकड झाली असं नाही. चढाईपटूला मध्यरेषेपर्यंत फक्त हात लांबवायचा असतो. घोटा धरल्याच्या पुढच्या क्षणाला कव्हरने येऊन त्याला मागे रेटलं, तर ती पकड. कव्हरला पोचायला किंचित उशीर झाला, तर तोच चढाईपटू दोघातिघांना ओढत रेषेला हात लावतो. टीव्हीवर दिसतो तो सुटलेला घोटा. उशिरा आलेला कव्हर फ्रेमच्या कडेला असतो, त्याला कुणी बोलत नाही.

आणि चुका जगातल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या हातूनही होतात. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्सच्या फायनलमध्ये भारत आणि इराण २८-२८ वर होते. फजल आणि शादलू दोघंही इराणकडे. पवन सेहरावत कुणाला हात न लावताच बाजूच्या लॉबीत गेला आणि त्याला अडवायला इराणचे खेळाडूही मागोमाग लॉबीत शिरले. गुण कुणाला किती द्यायचे यावरून मॅच बराच वेळ थांबली. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. एका आततायी पावलावर सुवर्णपदक अडून बसलं होतं.

शादलूचं नाव निघालंच आहे तर तेही बघू. दहाव्या हंगामासाठी पलटणने मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. मार्च २०२४ मध्ये हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली. पुढच्या लिलावात तो हरियाणाकडे गेला, आणि त्याच डिसेंबरमध्ये हरियाणा बालेवाडीत, म्हणजे पलटणच्याच अंगणात, चॅम्पियन झाली. पलटण त्या हंगामात पहिल्या सहातही नव्हती. यावरून ‘शादलू म्हणजेच डिफेन्स’ असं गणित मांडणं सोपं आहे. पण त्या अकराव्या हंगामात कॅप्टन अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला होता, हे त्या गणितात कुणी धरत नाही. अस्लम चढाईपटू. साखळीची कडी तुटते ती अशी.

हे सगळं शिरूर-दौंडच्या पोरांना का लागू पडतं? कारण तिथे हा खेळ फक्त बघण्याचा नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी लागते. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, भरतीच्या तयारीला लागलेली पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. कबड्डीतून पुढे जाऊ बघणाऱ्यासाठी टीममधून वगळलं जाणं म्हणजे एक मॅच बुडण्यापुरतं नसतं. आणि वगळताना पहिला हात पडतो तो कॉर्नरवर. चढाईपटू तीनदा रिकामा आला तरी चौथ्यांदा गुण आणेल अशी आशा असते. कॉर्नरचा घोटा तीनदा सुटला की सगळ्या मंडपाने पाहिलेलं असतं.

त्यात मातीचा आणि मॅटचा फरक. जत्रेतल्या स्पर्धा अजूनही बऱ्याच ठिकाणी मातीवर होतात, मोठ्या स्पर्धा मॅटवर. मातीत पाय थोडा घसरतो, त्यामुळे वळताना अंग सोडवून घेता येतं. मॅटवर बूट पकडून धरतो. पाय जागेवर आणि अंग फिरलेलं, अशा वेळी भार गुडघ्यावर येतो. आयुष्यभर मातीवर घोटा धरलेला पोरगा पहिल्यांदा मॅटवर उतरला, की त्याची झेप अर्धं पाऊल पुढे-मागे होणारच. त्यावर ‘डिफेन्स ढिला’ असा शिक्का बसला, की पुढच्या मॅचला तो स्वतःला सिद्ध करायला वेळेच्या आधीच झेपावतो. आगाऊ पकडीत गुण जातातच, लिगामेंट जायची भीती असते ती वेगळी.

मग चाहता अगदीच चुकीचा का? तसंही नाही. पलटणने गेल्या चार हंगामांत तीन फायनल खेळल्या. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत जयपूरकडून २९-३३ अशी हार, २०२४ मध्ये २८-२५ असा विजय आणि आता २८-३१. पलटणचे स्वतःचे गुण बघा: २९, २८, २८. तिन्ही वेळा जवळपास सारखेच. फरक पडला तो समोरच्याला किती मिळाले यात. २५ वर रोखलं तेव्हा कप आला, बाकी दोनदा गेला. म्हणजे आकड्यावर बोट ठेवताना चाहता बरोबर होता, फक्त तो आकडा एकट्या कॉर्नरच्या नावावर टाकताना चुकला. २५ आणि ३१ मधले सहा गुण म्हणजे एक लोण, दोन बोनस आणि नको त्या वेळी पकडले गेलेले आपले दोन चढाईपटू, एवढ्यातही भरून निघतात.

आणि हो, २०२२ ची ती फायनल पलटण हरली, तेव्हा तिचा कॅप्टन होता फजल अत्राचली. तीन वर्षांनी दिल्लीत आदित्य शिंदेला शेवटच्या क्षणी धरणारा तोच.