बंदोबस्ताचं बिल कोणाच्या माथी?

जून 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने टी-20 सामन्याच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क 70 लाखांवरून 10 लाखांवर आणलं, तेही थेट 2011 पासून! आयपीएलच्या 2023-27 च्या प्रक्षेपण हक्कांचे 48,390 कोटी आले. तरी ही सूट? शिष्यवृत्तीची फाईल आली की मात्र तिजोरीत खडखडाट.

1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेणाऱ्या पालवणकर बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद जातीपायी नाकारलं गेलं. त्या क्रिकेटचे लाड आम्ही का पुरवायचे?

आमच्या मालेगावची पोलीस भरतीची पोरं पहाटे गाड्या चुकवत डांबरी रस्त्यावर धावतात. उद्या वानखेडेवर बंदोबस्ताला हीच उभी राहतील. सरकारने फरकाची रक्कम वसूल करावी; त्यातून आधी तालुक्यांना धावण्याचे ट्रॅक द्यावेत.

जय भीम!