चार वाद्यं आणि डोनटची पिशवी

आमच्या ब्लॉकमध्ये एक धून आहे. ती ऐकली नाही असा मुलगा सापडणार नाही, आणि ती कुणी वाजवली हे सांगू शकेल असाही सापडणार नाही. व्हायोलिनचे तेच ते सूर, हळूहळू अंगावर येत जाणारे. सबमिशनच्या आदल्या रात्री, निम्मं जर्नल उतरवायचं बाकी असताना, कुणीतरी ती मुद्दाम मोठ्याने लावतं आणि अख्खा कॉरिडॉर हसतो. क्लिंट मॅन्सेल या संगीतकाराने ती 'रिक्वियम फॉर अ ड्रीम' या २००० सालच्या चित्रपटासाठी केली. वाजवणारे चौघे म्हणजे अमेरिकेतलं क्रोनोस क्वार्टेट.

मित्रांनो, या चौघांविषयी लिहायला एक कारण घडलं. गेल्या वर्षी गॅदरिंगच्या ऑडिशनला मी टेबलापलीकडे, म्हणजे निवड करणाऱ्यांत बसलो होतो. सेकंड इयरची चार पोरं आली. बासरी, गिटार, तबला आणि कुणाच्या तरी आजोबांची पेटी. म्हणाली, "स्वतःचं बसवलंय, अकरा मिनिटांचं आहे." तीन मिनिटं ऐकून मी हात वर केला. "छान आहे रे, पण पब्लिकला माहीत असलेलं काहीतरी घ्या." त्यांनी घेतलं. जुन्या गाण्यांची मेडली वाजवली, शिट्ट्या पडल्या, बक्षीसही मिळालं. ती उरलेली आठ मिनिटं मात्र मी अजून ऐकलेली नाहीत. स्टेजवर ती वाजलीच नाहीत.

आता क्रोनोसची गोष्ट ऐका.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो. पुढे काठी हलवणारा कंडक्टर नाही. एकमेकांच्या श्वासाकडे आणि गजाकडे बघत सुरुवात करायची. अठराव्या शतकात हायडनने हा प्रकार घडवला, मग मोझार्ट, बीथोव्हन, शूबर्ट यांनी त्यासाठी इतकं लिहून ठेवलं की नव्या वादकांचं आयुष्य तेवढ्यावर निघावं. बहुतेकांचं निघतंही.

१९७३ साली सिएटलमधला डेव्हिड हॅरिंग्टन नावाचा तरुण व्हायोलिनवादक रेडिओ ऐकत होता. जॉर्ज क्रम्ब यांची 'ब्लॅक एंजल्स' ही रचना लागली. व्हिएतनाम युद्धाच्या सावलीत लिहिलेली, १९७० सालची. तीत वाद्यांना माइक लावून आवाज वाढवलेला, वादक मध्येच वेगवेगळ्या भाषांत आकडे पुटपुटतात, ओरडतात, पाणी भरलेल्या काचेच्या ग्लासांवर गज फिरवतात. हे वाजवायचंच, असं त्याने ठरवलं आणि त्यासाठी चौकडी जमवली. तेच क्रोनोस. म्हणजे आधी ग्रुप आणि मग गाण्यांची यादी, असं झालं नाही. एक कुणी फारसं न वाजवलेलं काम आधी आलं, त्याच्यामागून ग्रुप आला.

खिशात पैसे नव्हतेच. पहिली नवी रचना त्यांनी केन बेन्शूफ यांच्याकडून लिहून घेतली, आणि मानधन काय दिलं? एक पिशवीभर डोनट! पुढे ही मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला गेली. जवळच्याच मिल्स कॉलेजात टेरी रायली शिकवायचे. रायली हे पंडित प्राणनाथांचे शिष्य, किराणा घराण्याचे. तेच किराणा घराणं, जे आपण मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे आणि पुढे सवाई गंधर्व, भीमसेन जोशी यांच्यामुळे ओळखतो. रायली त्या काळात संगीत कागदावर उतरवत नव्हते, समोर बसून आयत्या वेळी रचत होते. हॅरिंग्टनने मागे लागून लागून त्यांना पुन्हा लिहितं केलं. नवं संगीत वाजवणारा नुसता वाजवत नाही, तो लिहिणाऱ्याला लिहायला लावतो. हे मला फार मोठं वाटतं.

दुसरं उदाहरण आपल्या लाइनीतलं आहे. स्टीव्ह राइश यांनी १९८८ साली क्रोनोससाठी 'डिफरंट ट्रेन्स' केली. राइश यांचे आईवडील वेगळे झालेले, त्यामुळे लहानपणी, १९३९ ते ४२ या काळात, ते न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस रेल्वेने ये-जा करत. मोठेपणी त्यांच्या मनात आलं की आपण ज्यू. त्याच वर्षांत युरोपात असतो तर वेगळ्याच गाड्यांत बसवलं असतं. म्हणून त्यांनी आपल्या दाईचं, रेल्वेतल्या एका जुन्या पोर्टरचं आणि छळछावणीतून वाचलेल्या माणसांचं बोलणं टेपवरून घेतलं, त्या बोलण्यातले चढउतार सुरांत उतरवले, आणि व्हियोला-चेलो तेच वाजवतात. टेप आणि चार वाद्यं एकत्र. माणसाचं बोलणं हाच सिग्नल, आणि वाद्यं त्याचा पाठलाग करतात. त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. पण पहिल्या दिवशी कुणी "पब्लिकला माहीत असलेलं घ्या" म्हणालं असतं, तर ही गाडी सुटलीच नसती.

आता आपल्याकडचे आक्षेप. पहिला, "नवं म्हणजे चांगलंच असतं का?" नाही राव. क्रोनोसने आजवर नव्या रचना आणि नवी रूपांतरं मिळून हजाराच्या वर करून घेतली. त्यातल्या बऱ्याचशा पन्नास वर्षांनी कुणाला आठवणारही नाहीत. पण कुठल्या राहतील हे ऐकल्याशिवाय कसं कळणार? टेस्टिंगला न लावलेलं मशीन चांगलं की वाईट, हे नुसतं ड्रॉइंग बघून सांगणाऱ्याला आपण व्हायवात पास करतो का? बीथोव्हनचंच घ्या. १८२६ मध्ये त्यांचं एक क्वार्टेट व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलं, तेव्हा शेवटचा भाग लोकांच्या डोक्यावरून गेला. प्रकाशकाच्या आग्रहावरून त्यांनी त्या जागी दुसरा, सोपा शेवट लिहून दिला. काढून ठेवलेला तो भाग आज 'ग्रोसं फूगं' म्हणून मानाने वाजवला जातो. आज ज्याला आपण क्लासिक म्हणतो ते कधीतरी ऑडिशनमध्ये नापास झालेलं असतं.

दुसरा आक्षेप, "पब्लिक उठून जाईल." हा खरा आहे, नुसता हसून उडवायचा नाही. यावर क्रोनोसने काढलेली तोड बघा. ते जिमी हेंड्रिक्सचं 'पर्पल हेझ' चार तंतुवाद्यांवर वाजवायचे. २००५ साली त्यांनी सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांना घेऊन आर. डी. बर्मनच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला, तबल्याला झाकीर हुसेन. ओळखीचं आणि अनोळखी एकाच ताटात वाढलं. लोक चटणीसाठी बसतात आणि भाजीही खाऊन उठतात. त्यामुळे मेडली बंद करा असं माझं म्हणणं मुळीच नाही. मलाही नाचायला आवडतं.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि साधनांचा. २०१५ साली क्रोनोसने 'फिफ्टी फॉर द फ्यूचर' नावाचं काम हाती घेतलं. जगभरच्या संगीतकारांकडून पन्नास नव्या रचना करून घ्यायच्या, त्याही शिकणाऱ्या तरुण चौकड्यांना वाजवता येतील अशा, आणि त्यांची नोटेशन फुकट खुली करायची. कुणीही उतरवून घ्या, वाजवा. त्यात झाकीर हुसेन यांचीही रचना आहे. लिनक्सवाल्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको. पुढे क्रोनोसची माणसं बदलली, जॉन शर्बा आणि हँक डट चार दशकांहून जास्त वाजवून २०२४ मध्ये निवृत्त झाले. पण खुली केलेली पानं खुलीच राहतात.

तर माझी मागणी छोटी आहे. गॅदरिंगची संध्याकाळ चांगली तीन तासांची असते. त्यातली वीस मिनिटं अशा कामासाठी राखून ठेवा, जे या कॉलेजात आधी कुणी ऐकलेलं नाही. स्वतःचं असो, नाहीतर दुसऱ्या कुणाचं विस्मरणात गेलेलं. त्याला बक्षीस नको, नंबर नको, फक्त शेवटपर्यंत वाजवू द्या. सरांनी आणि मॅडमनी पहिल्या रांगेत बसावं, म्हणजे मागची शिट्टी जरा उशिरा येईल. फसलं तर वीसच मिनिटं गेली. त्याहून जास्त वेळ आपला रोज मेसच्या लाइनीत जातो.

यंदा मी टेबलापलीकडे नाही. ती चार पोरं आता थर्ड इयरला आहेत, सी ब्लॉकमध्ये राहतात, आणि मला बघून अजून हसून मान हलवतात, हे जास्त लागतं. त्यांनी हे वाचलं तर एवढंच सांगतो: उरलेली आठ मिनिटं मला ऐकायची आहेत, आणि आधीची तीनही पुन्हा. मानधन म्हणून डोनट परवडणार नाहीत. कँटीनचे चार वडापाव माझ्याकडून.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी