कॅल्शियमची गोळी आणि मनाचा आजार

कामरगावात काय किंवा आसपासच्या खेड्यांत काय, हातपाय गळाले, झोप उडाली, अन्न गोड लागेना की आमच्या मायबहिणी मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी आणतात. हाडांसाठी ती ठीक. पण हे दुखणे दोन आठवडे हटले नाही, कशातच मन रमेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते डिप्रेशन असू शकते. त्यावर ही गोळी चालत नाही.

मात्र कॅल्शियमचा या आजाराशी संबंधच नाही, असेही नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असते. जंतू ओळखला की पेशीची दारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि त्या इशाऱ्यावर पेशी लढायला उठते. १९९२ साली अमेरिकेत डुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी येणाऱ्या रुग्णांच्या अशा पेशी तपासल्या. त्यांत कॅल्शियम वाढलेले आढळले. नुसत्या डिप्रेशनच्या रुग्णांत मात्र सर्व अभ्यासांचे निकाल सारखे नाहीत. म्हणून रक्त तपासून हा आजार ठरवता येत नाही. तसे सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

दुसरा पुरावा आम्हाला अधिक बोलका वाटतो. पहारेकरी पेशी एकमेकींना निरोप देतात, त्यातला एक निरोप म्हणजे इंटरफेरॉन. काविळीच्या 'सी' प्रकारावर त्याची इंजेक्शने दिली जात, तेव्हा पुष्कळ रुग्णांना डिप्रेशन आले. आधी चांगली हसती-बोलती माणसे! मग "मन घट्ट कर" म्हणून काय होणार? आणि भगत तरी काय उतरवणार?

गिळलेले कॅल्शियम पेशीचा इशारा सुधारत नाही. उलट रक्तात ते फार वाढले तर माणूस सुस्त आणि उदास होतो. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या चालू ठेवू नयेत.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवले. डिप्रेशन असलेल्यांपैकी आधी शंभरात जेमतेम चार जण मदत घेत. दीड वर्षात ते सत्तावीस झाले. फरक पडला तो घरी येऊन विचारपूस करणाऱ्या माणसामुळे.

आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात दाखवा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. घरातले कोणी मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका, आणि फवारणीचे औषध आजच कुलपात टाका.