नंतर आठवण करा

माझ्या शब्दकोशातला सर्वांत लाडका शब्द म्हणजे ‘नंतर’. दाढेतली कीड, पंख्याची घरघर, पोस्टाच्या पासबुकात नोंदी करून घेणं, सगळं नंतर! कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना माझा हा स्वभाव कोणी कळवला कोण जाणे, पण घरच्या कॉम्प्युटरवर ‘अपडेट आलं आहे’ अशी चौकट उगवली की तिच्यात माझ्यासाठी एक राखीव बटण असायचंच : ‘नंतर आठवण करा’. ते मी इतक्या नेमानं दाबायचो की तेवढ्या नेमानं संध्या केली असती, तर एव्हाना मोक्ष मिळाला असता.

बँकेत मात्र मी असा नाही हं. तिथे तिजोरीला दोन किल्ल्या, त्याही दोन वेगळ्या माणसांकडे. संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत आम्ही जागचे हलत नाही. आणि हाच मी घरी येऊन, दाराला कडीसुद्धा नसलेल्या कॉम्प्युटरवर बिनदिक्कत वीजबिल भरत असे!

मेहुणा एकदा म्हणाला, “दाजी, अपडेट करत चला. भोकं असतात त्यात, ती बुजवायला हवीत.”

मी ऐटीत म्हटलं, “अरे, माझ्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहे काय? सत्यनारायणाचे फोटो आणि सोसायटीच्या सभेचा वृत्तांत. चोर आलाच तर रडत परत जाईल.”

सगळे हसले. हे वाक्य मी पुढे वर्षानुवर्षं वापरलं. तुम्हीही वापरत असाल. आज मी लेखणी उचलली आहे ती या वाक्याविरुद्ध. कारण त्यात एक मोठी हिशेबाची चूक आहे.

चूक अशी की, येणारा चोर असतो हे आपण गृहीत धरतो. चोर घर बघून येतो. पण इंटरनेटवरून फिरणारा किडा घर बघत नाही. इंग्रजीत त्याला ‘वर्म’ म्हणतात, आणि मराठीत वर्म म्हणजे नेमकी दुखरी जागा. दोन भाषांचं इतकं एकमत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. व्हायरसला निदान कोणीतरी फाइल उघडून आत घ्यावं लागतं. वर्माला आमंत्रण लागत नाही. कॉम्प्युटर चालू आहे, तारेला जोडलेला आहे आणि भोक उघडं आहे, एवढं त्याला पुरतं. तो आत शिरतो आणि तिथूनच शेजारचं दार ठोठावू लागतो. म्हणजे प्रश्न ‘माझ्या घरात काय आहे’ हा नसतोच. ‘माझ्या घरातून कोणाकडे जाता येतं’ हा असतो.

हे शहाणपण मला 12 मे 2017 रोजी, शुक्रवारी आलं. शाळेला सुट्टी होती आणि चिरंजीव दुपारी गेम खेळत होते. बँकेत सौ.चा फोन आला, “अहो, आपला कॉम्प्युटर लाल झालाय!”

घरी येऊन पाहतो तो खरंच लाल चौकट. तुमच्या फाइलींना कुलूप लावलं आहे, 300 डॉलर भरा, तीन दिवसांनी दुप्पट होतील. व्याजाचा हा दर पाहून माझ्यातला बी.कॉम. चाट पडला. ही खंडणीची चिठ्ठी 28 भाषांत वाचायची सोय होती, आणि त्यांत मराठी नव्हती. त्याही अवस्थेत माझा भाषाभिमान दुखावला.

त्या किड्याचं नाव वॉनाक्राय. त्यानं सुमारे 150 देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर पकडले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. आणि ज्या भोकातून तो शिरला, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच दिलेलं होतं! दिवस मोजायची मला सवय आहे. मधले दिवस 59. या 59 दिवसांत मी ‘नंतर’ किती वेळा म्हटलं, ते मोजायचं धाडस मात्र झालं नाही.

माझे सत्यनारायण गेले, त्याचं काही नाही. सत्यनारायण पुन्हा घालता येतो. पण आमच्या बिल्डिंगीत तेव्हा केबलवाल्याचं इंटरनेट होतं. गच्चीवरच्या एका डब्यातून सगळ्या बिऱ्हाडांत वायरी गेलेल्या. म्हणजे बिऱ्हाडं अनेक, पण ओसरी एकच. त्या संध्याकाळी आणखी दोन घरं लाल झाली. त्यांतलं एक दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं. बाई निवृत्त शिक्षिका. आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या त्या दोन वर्षं, एका बोटानं, टाइप करत होत्या.

किडा पहिल्यांदा कोणाच्या घरात शिरला, हे शोधायचा काही मार्ग नाही, असं दुरुस्तीवाला म्हणाला. ते ऐकून मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याची लाज अजून वाटते.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं ऐकू. एक, अपडेटनंच मशीन बिघडतं. खरं आहे, कधीकधी बिघडतं. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरचे सुमारे 85 लाख कॉम्प्युटर बंद पाडले, विमानं अडकून पडली. पण एकदा ब्लेडनं गाल कापला म्हणून ब्लेड टाकून देतो का आपण? दोन, कंपन्यांनी मुळात भोकाचा माल विकावाच का? अगदी बरोबर! पण शिंप्याची शिवण चुकली म्हणून उसवलेली विजार घालून मंडईत जायचं का? भांडण शिंप्याशी करा, ठिगळ आधी लावा. तीन, जुन्या मशीनला ठिगळंच मिळत नाहीत. विंडोज 10 ची नेहमीची मदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, तेव्हा मीही चिडलो. पण किडा तक्रार अर्ज वाचत नाही.

शिवाय, ठिगळ जाहीर झालं की भोक कुठे आहे ते चोरांनाही कळतं. म्हणजे अपडेट आल्यानंतरची दिरंगाई ही आधीच्या अज्ञानापेक्षा जास्त धोक्याची. मायक्रोसॉफ्टची ठिगळं महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, तेव्हा आपल्याकडे मंगळवारची रात्र झालेली असते आणि उजाडतो तो बुधवार. त्या बुधवारी मी अपडेट करतो आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करतो. कारण पुष्कळशी ठिगळं त्याशिवाय बसतच नाहीत. इंटरनेटच्या डब्याचं अपडेटही बघतो. महत्त्वाच्या फाइलींची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर घेतो आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवतो. बँकेत दुसरी किल्ली कधी त्याच खणात ठेवतात का?

बाईंच्या वहीत निम्म्याअधिक ओव्या सापडल्या. पुढचे बरेच रविवार मी त्यांच्याकडे बसून त्या टाइप केल्या. उरलेल्यांसाठी बाई डोळे मिटून बसायच्या, जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात गोल फिरवायच्या. काही ओव्या आल्या, काही नाही आल्या.

“राहू दे रे,” त्या म्हणाल्या, “आठवतील नंतर.”

त्या ओव्या अजून आठवलेल्या नाहीत. आणि ते बटण मी पुन्हा दाबलेलं नाही.