कर्करोग आणि वडिलांकडील नाती



मागील महिन्यात एका घरी मलिद्याचा प्रसंग होता. तबके आवरल्यावर आमच्या चुलतबहिणीच्या मुलीने आम्हांस आतील खोलीत नेऊन एक अहवाल वाचावयास दिला. तिचे वय अवघे ४१. स्तनातील गाठ कर्करोगाची निघाली होती व त्यापुढे ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असे शब्द होते. “मावशी, निगेटिव्ह म्हणजे चांगलेच ना?” तिने विचारले. आमच्याने चटकन उत्तर देववेना.

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत तीन गोष्टी पाहतात : इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन या स्त्री-संप्रेरकांची ग्राहके, आणि एचईआर-२ नावाचे प्रथिन. ज्या गाठीत संप्रेरकांची ग्राहके नसतात व एचईआर-२ वाढलेले नसते, ती ट्रिपल निगेटिव्ह. अर्थात या तिहींवर नेम धरणारी नेहमीची औषधे तेथे निरुपयोगी ठरतात. केमोथेरपी व शस्त्रक्रिया यांवरच मुख्य भिस्त राहते. २०२१ पासून अमेरिकेत गाठ वाढलेल्या रुग्णांस केमोथेरपीच्या जोडीला इम्युनोथेरपीही देतात. हा रोग वेगाने वाढतो. तो उलटण्याचे भय पहिल्या तीन ते पाच वर्षांत अधिक असते, पुढे ते बरेच ओसरते. अमेरिकेत स्तनाच्या दर शंभर कर्करोगांत असे १० ते १५ असतात. भारतातील रुग्णालयांच्या पाहण्यांत मात्र हे प्रमाण पाव हिश्श्याहून अधिक आढळले आहे.

चाळिशीच्या आतील स्त्रिया व कृष्णवर्णीय स्त्रिया यांत हा प्रकार जास्त दिसतो. पाळी जाण्यापूर्वीच्या वयातील स्थूलपणाशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. उलट मुलास दीर्घकाळ अंगावर पाजणे संरक्षक ठरते. परंतु आज आम्हांस लिहावयाचे आहे ते बीआरसीए-१ या जनुकाविषयी. शास्त्रज्ञांनी १९९४ साली ते ओळखले. पेशीतील बिघाड दुरुस्त करणे हे त्याचे काम. त्यात जन्मतः दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी साठांहून अधिक जणींस आयुष्यात केव्हातरी स्तनाचा कर्करोग होतो, चाळीसच्या आसपास जणींस अंडाशयाचा. आणि अशांच्या स्तनातील गाठी बहुधा ट्रिपल निगेटिव्ह असतात.

आमच्या या मुलीने रुग्णालयात “आम्ही ज्यू” असे सांगताच तिची एक तपासणी झाली. अश्केनाझी ज्यूंमध्ये सुमारे चाळिसांत एकास बीआरसीए जनुकांतील तीन ठरावीक दोषांपैकी एखादा असतो. तेवढेच तीन त्या तपासणीत शोधतात. तिच्यात ते नव्हते. घरात पेढे वाटावयाचेच काय ते राहिले! पण ही तर शिक्षकाने निबंधातील तीनच शब्द तपासून पैकीच्या पैकी गुण देण्यासारखी गोष्ट झाली. या जनुकांतील हानिकारक दोष हजारोंनी नोंदलेले आहेत. त्या तिहींपैकी एक इराकी व कोचीनच्या ज्यूंतही आढळला आहे, तेव्हा तपासणी निरर्थक नव्हे. तथापि ती रचली अश्केनाझी कुटुंबांवरून. आपले पूर्वज कोकणात रुजले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्राएल लोकांत ज्यू व भारतीय असे दोन्ही वारसे दिसून आले. म्हणून “आम्ही भारतातील ज्यू, आमची दोन्ही जनुके संपूर्ण तपासा” असे आपण होऊन सांगितले पाहिजे. ट्रिपल निगेटिव्ह कर्करोग झालेल्या स्त्रीची, वय काहीही असो, जनुकतपासणी करावी असे आता येथील तज्ज्ञांचे मार्गदर्शनच आहे.

पुढे एका जेनेटिक कौन्सेलर बाईंनी तिची पूर्ण तपासणी मागविली. त्यात बीआरसीए-१ मध्ये निराळाच दोष सापडला.

आता आमची चूक सांगतो. आम्ही सर्वजणी तिच्या आईकडची माणसे मोजीत बसलो होतो. बाईंचा रोग, तो बाईंच्या बाजूनेच येणार, ही समजूत! वस्तुतः हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. प्रत्येक अपत्यास, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा. इंग्रजीत सगळ्याच ‘आंट’, म्हणून येथे दरवेळी “आईकडील की वडिलांकडील?” असे विचारावे लागते. आपल्या भाषेत आत्या, मावशी, आतेबहीण, मावसबहीण या शब्दांतच उत्तर आहे. नाती आपण चोख सांगतो, लपवितो ती दुखणी. या मुलीची आत्या मुंबईत पन्नाशीच्या आत गेली. ‘पोटात पाणी झाले होते’ एवढेच सर्वांस ठाऊक. अंडाशयाच्या कर्करोगातही पोटात पाणी होते, हे त्या वेळी कोणी बोलले नाही.

न बोलण्याची कारणे आम्हांस माहीत आहेत. मुलींची लग्ने अडतील, विमा मिळणार नाही. पहिल्या भयावर आमच्यापाशी औषध नाही. मात्र दोष लपविल्याने रक्तातून जात नाही. दुसऱ्याविषयी येथे २००८ चा कायदा आहे. जनुकतपासणीच्या निकालावरून आरोग्यविमा नाकारता वा महाग करता येत नाही, आणि पंधरा वा अधिक नोकर असलेल्या मालकास त्यावरून कामावरून काढता येत नाही. आयुर्विम्यास मात्र हे संरक्षण नाही, याची नोंद घ्यावी.

दोष आधी कळला तर करण्याजोगे पुष्कळ आहे. सर्वसाधारण स्त्रीस येथे ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राम सांगतात. दोष असलेल्या स्त्रीची वार्षिक एमआरआय तपासणी पंचविशीतच सुरू होते, मॅमोग्राम तिशीपासून. मुले झाल्यावर, ३५ ते ४० च्या दरम्यान, अंडाशय व बीजनलिका काढून टाकण्याचाही सल्ला देतात. तो निर्णय सोपा नाही आणि तो ज्या त्या स्त्रीनेच घ्यावयाचा.

मुलीच्या वडिलांनी “आमच्या घराण्यात असले काही नाही” म्हणून प्रथम विषय झिडकारला. गेल्या रविवारी त्यांनीच तिला स्वयंपाकघरातील टेबलापाशी बसवून कागद मागितला आणि आपल्या बहिणी, चुलत्या, आतेबहिणी यांची नावे, वये व दुखणी आठवतील तशी लिहून दिली. बारा नावांपैकी चौघींपुढे ‘गाठ’ किंवा ‘पोट’ असे आहे. तिच्या धाकट्या भावाने, त्याला दोन मुली आहेत, बुधवारी रक्त दिले. निकालास दोनतीन आठवडे लागतील.