लेसर आणि कपाटाची किल्ली

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील हजारो घरांत एकच चर्चा सुरू होते आणि ती बहुधा संगणक शाखेपाशी येऊन थांबते. प्रवेशाच्या अर्जावर ज्या शाखांची नावे छापलेली असतात त्यांच्यापलीकडेही अभियांत्रिकीचे जग आहे, याचा विचार करण्यास त्या धांदलीत कोणाला सवड नसते. ‘लेसर अभियांत्रिकी’ नावाची शाखा त्या यादीत सहसा आढळत नाही. पण म्हणून तो व्यवसायच अस्तित्वात नाही असे समजणे म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकात ज्याचे नाव नाही ते गावच नाही असे मानण्यासारखे आहे.

या संदर्भात एका माणसाचे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांपुढे वारंवार ठेवले जायला हवे होते. १६ मे १९६० रोजी अमेरिकेतील ह्यूजेस कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर किरण मिळवला. ‘उत्तर तर हाती आले, आता त्याला साजेसा प्रश्न शोधला पाहिजे’, अशी या शोधाची तेव्हा थट्टा होत असे. त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात कुमार पटेल नावाचा तरुण डॉक्टरेटसाठी काम करीत होता. त्याचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा. अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची, १९५८ सालची. तो पुण्यात शिकत होता तेव्हा लेसर जन्मालाच यायचा होता. तेव्हा अभ्यासक्रमात त्याचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही १९६१ साली बेल प्रयोगशाळेत रुजू झाल्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत पटेल यांनी कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला.

हा शोध साधा नव्हता. तोपर्यंतच्या वायू-लेसरांची शक्ती नाममात्र होती. पटेल यांच्या लेसरने प्रथमच मोठी आणि अखंड शक्ती दिली, आणि पुढील काही दशके पोलाद कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत नाना कामे त्याने केली. आजही त्याची सद्दी संपलेली नाही. अत्याधुनिक संगणकीय चिप तयार करणाऱ्या डच यंत्रांत वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब दर सेकंदाला सुमारे ५० हजार या गतीने सोडले जातात. प्रत्येक थेंबावर याच जातीच्या जर्मन बनावटीच्या लेसरचा मारा होतो, आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जे अतिनील किरण निघतात त्यांनी चिपवरील नक्षी कोरली जाते. ज्या संगणकासाठी आपली मुले रांगेत उभी आहेत त्याच्या मुळाशी लेसर अभियंत्याचे काम आहे, हे त्यांना सांगणारा मात्र क्वचितच भेटतो.

आता आपल्या अंगणाकडे पाहावे. चाकण, भोसरी येथील कारखान्यांत लेसरने पत्रा कापणारी यंत्रे आज नवलाची राहिलेली नाहीत. सुरतेत हिरे लेसरने कापले जातात. नेत्ररुग्णालयांत लेसर आहे, आणि दूरसंचाराचा सारा डोलारा केसासारख्या काचतंतूतून धावणाऱ्या लेसर-प्रकाशावर उभा आहे. परंतु पत्रा कापणाऱ्या यंत्राचा जो गाभा, म्हणजे जेथे प्रकाश निर्माण होतो तो भाग, तो बहुधा परदेशातून सीलबंद पेटीत येतो. तो बिघडला की पेटी परत पाठवायची किंवा नवी मागवायची, एवढेच आपल्या हाती उरते. यंत्र चालवणारे आपल्याकडे आहेत, ते विकणारे आहेत. पेटी उघडून आत काय चुकले हे सांगू शकणारे मात्र थोडे आहेत. लेसर अभियंता म्हणावयाचे ते यांनाच.

या अभियंत्याचे काम दिपवणारे नसते. दोन आरसे परस्परांसमोर सूक्ष्म अंशाने जुळवायचे, भिंगावरील धुळीचा एक कण किती अनर्थ करतो हे अनुभवाने शिकायचे, थंड पाण्याचा प्रवाह आणि विजेचा पुरवठा यांवर डोळा ठेवायचा, आणि स्वतःचा डोळा मात्र किरणापासून जिवापाड जपायचा. यासाठी भौतिकशास्त्र पक्के हवे, इलेक्ट्रॉनिक्सची समज हवी, आणि त्याहून अधिक म्हणजे हात तयार हवा. तेथे जाण्याचे मार्गही आहेत. भौतिकशास्त्रातील एम. एस्सी. करून किंवा इलेक्ट्रॉनिक्स-यांत्रिकीची पदवी घेऊन प्रकाशशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळता येते. दिल्लीची आय. आय. टी., कोचीनचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ येथे ती सोय आहे; भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय हा आणखी एक दरवाजा आहे.

हे आपल्याला जमणारे नाही असे म्हणण्याचीही सोय नाही. भाभा केंद्रात अर्धसंवाहकाचा लेसर १९६४ सालीच तयार झाला होता. पुढे १९८४ साली इंदूर येथे प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. डॉ. भवाळकर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आणि आज राजा रामण्णांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेने स्वतः घडवलेले लेसर अणुभट्ट्यांच्या दुरुस्तीत वापरले गेले. जेथे किरणोत्सर्गामुळे माणसाने फार वेळ थांबणे धोक्याचे, तेथे काचतंतूतून लेसर नेऊन दुरून धातू कापता आला, आणि कामगारांच्या शरीरावर पडणारा किरणोत्सर्गाचा भार कमी झाला. घरचा लेसर हा केवळ अभिमानाचा विषय नसून कोणाच्या तरी आरोग्याचा प्रश्न असतो, तो असा.

मग अडते कोठे? उत्तर आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत सापडते. लेसरची तरंगलांबी मोजण्याचा एक प्रयोग विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. पुष्कळ ठिकाणी तो चार-पाच जणांच्या गटात उरकला जातो. एकजण आकडे वाचतो, बाकीचे उतरवून घेतात. एरवी ते उपकरण कुलूपबंद कपाटात असते. याचा सारा दोष अध्यापकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वस्तू फुटली तर जडसंग्रह नोंदवहीतील त्या ओळीचे उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो, आणि नव्या उपकरणासाठी मंजुरी मिळवणे हे स्वतंत्र दिव्य असते. ज्या व्यवस्थेत वस्तू वापरून झिजली तर जाब विचारला जातो आणि न वापरता सडली तर कोणी विचारत नाही, तेथे शहाणा माणूस किल्ली खिशात ठेवतो.

पालकांचा आक्षेप निराळा आहे, आणि तो खोटा नाही. या क्षेत्रातील जागा मोजक्या आहेत. पदवी हाती पडताच संगणक कंपनीत मिळणारा पगार येथे मिळेलच असे नाही, आणि शिक्षणाची दोन-चार वर्षे अधिक जातात. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरात या वर्षांची किंमत काय असते हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून सर्वांनीच या वाटेने जावे असा आग्रह कोणी धरू नये. परंतु ज्याला भौतिकशास्त्राची खरी ओढ आहे आणि जो बिघडलेला रेडिओ उघडल्यावाचून राहत नाही, अशा मुलाला केवळ माहितीच्या अभावी दुसरीकडे लोटले जाऊ नये, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

ही अपेक्षा आता तातडीची झाली आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. परस्परांशी काटकोन करणाऱ्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून जाणारा लेसर हा तिचा प्राण असेल. मराठवाड्याच्या मातीत जगातील अतिसूक्ष्म मोजमापांपैकी एक होणार, याचा आनंद आहेच. पण त्या मातीतील तरुणांच्या वाट्याला फाटकावरची राखण आणि बागेची देखभाल एवढेच येणार की लेसरच्या कक्षात शिरण्याची पात्रताही त्यांच्यात असेल, हे वेधशाळा ठरवणार नाही. ते परभणी, नांदेड, हिंगोलीच्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळा आजपासून कशा चालतात यावर ठरेल. पटेल यांच्या पिढीला लेसरपर्यंत पोहोचण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. आजच्या विद्यार्थ्याच्या मार्गात समुद्र नाही, एक कपाट आहे. आणि त्याची किल्ली आपल्याच माणसाच्या खिशात आहे.